जास्तीचं खोकं

१

ज्या वर्षी आत्यांच्या धाकट्या भावाकडे सून आली, त्याच वर्षी त्या घरातून निघालेली झाडं वाटेत मरायला लागली.

दोन गोष्टी एका वर्षात घडल्या म्हणून त्यांचा एकमेकींशी संबंध असतोच असं नाही. पण हे झालं कागदावर. घरात असं चालत नाही. लग्नाचे फोटो भिंतीवर लागायच्या आत सगळ्यांच्या नजरा सूनबाईच्या हातांकडे वळल्या होत्या, कारण झाडं खोक्यात भरायचं काम तिच्या हातात होतं.

भावजयीचा फोन आला तेव्हा आत्या उभ्यानंच चहा पीत होत्या. बसून चहा पिणं त्यांना आयुष्यात जमलं नाही. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. जळालेली गोदामं, भिजलेल्या कापडाचे गठ्ठे, उलटलेले ट्रक. नोकरी संपली, पण पायांना ते कोणी कळवलं नव्हतं.

“वन्सं, तुम्ही या,” भावजय कुजबुजत म्हणाली. “माझी झाडं कोणीतरी मारतंय. आणि ते बाहेरचं नाही.”

“कोण मग?”

“फोनवर नाही सांगत. ती इथेच पलीकडे आहे.” आणि फोन बंद झाला.

ती! आरोपीचं नाव सांगून झालं होतं, फक्त पुरावा गोळा करायला आत्यांना बोलावलं होतं. आत्यांनी कप विसळला आणि बस पकडली.

भावजयीला आता सगळं जग ‘गच्चीवाल्या काकू’ म्हणून ओळखत होतं. तिचा आधी नुसता नाद होता तो. फुटक्या बादलीत, तेलाच्या डब्यात, जुन्या बुटातसुद्धा झाडं. फांद्या तोडायची आणि मागेल त्याला फुकट द्यायची. नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा. तो छापखाना बंद पडला आणि घर गप्प गप्प झालं, तेव्हा मुलानं सहज गंमत म्हणून आईचा झाडांशी बोलतानाचा व्हिडिओ टाकला. बघणारे विचारायला लागले, काकू, ही फांदी आम्हाला पाठवाल का? पहिली फांदी बुटांच्या खोक्यातून गेली आणि पोचल्यावर तिला पान फुटलं. तिथून दुकान सुरू झालं. दुकान म्हणजे फोनमधलंच, पण त्याच्यावर आता सगळं घर उभं होतं.

बसमध्येही आत्यांना स्वस्थ बसवेना. कधी खिडकीकडून आतल्या बाजूला, कधी आतून खिडकीकडे. शेवटी शेजारचे गृहस्थच उठून मागे गेले. आत्यांनी फोनवर भावजयीचे व्हिडिओ लावले. काकू हातवारे करत सांगत होत्या. कुंडी रोज थोडी फिरवा, नाहीतर झाड उजेडाकडे मान टाकून वाकडं होतं. कात्री विस्तवावर धरल्याशिवाय फांदीला लावू नका. फुलदाणीशेजारी फळांची परात मांडू नका, पिकणाऱ्या फळाची हवा फुलांना म्हातारं करते. मातीत बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नका. सांगणं छान होतं, गोड होतं. पण खाली लोकांनी लिहिलेलं गोड नव्हतं.

‘काकू, तुमचं झाड मेलेलं आलं.’

‘माझंही.’

‘आमची पण फसवणूक झाली.’

आणि सगळ्यांत वर, अगदी ताजं: ‘काकू दाखवतात एक आणि पाठवतात दुसरंच.’

२

परत आलेलं एक पार्सल जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवलं होतं. बाजूला काकू, समोर सूनबाई, आणि मधोमध ते झाड. दोघी एकमेकींकडे न बघता झाडाकडे बघत होत्या, जणू तेच साक्ष देणार होतं.

“बघा,” काकू म्हणाल्या.

आत्यांनी बघितलं. खोक्याच्या तळाशी पानांचा ढीग पडला होता. काही पिवळी, काही अजून हिरवीच. खोड मात्र ताठ उभं. त्यांनी बोटानं मुळं चाचपली. मुळं ओलसर, पांढरी, टवटवीत.

“हे आपटलेलं नाही,” आत्या म्हणाल्या. “आपटलं असतं तर खोड मोडलं असतं. कुजलेलंही नाही, मुळं धडधाकट आहेत. उन्हानं करपलेलं नाही. हे बघ, प्रत्येक पान देठापाशी सफाईनं सुटलंय. या झाडानं पानं आपण होऊन टाकली आहेत.”

“आपण होऊन कशाला टाकेल? लग्नाला निघालंय का ते?” काकू तडकल्या. “ही भरताना कानात ती बोंडं घालून गाणी ऐकते. हात कुठे, लक्ष कुठे! मी भरत होते तेव्हा एक पान पडत नव्हतं.”

“आई, कानांनी नाही भरत मी, हातांनी भरते,” सूनबाई म्हणाली. आवाज शांत होता, पण तिचा अंगठा टेबलाची कड खरवडत होता. “तुम्ही दाखवलंत तस्संच भरते. मुळाला ओला कपडा, वर पिशवी, भोवती बाबांनी कातरलेल्या कागदाच्या पट्ट्या.”

“मग मरतात कशी?”

“मला माहीत असतं तर मी बॅग भरली असती का?”

आत्यांनी वळून पाहिलं. दाराशी खरंच एक बॅग होती. विचारल्यावर आत्यांना सगळं कळलं. झाडं ज्या कंपनीच्या साइटवरून विकली जात, तिची ताकीद आली होती. याही आठवड्यातला माल खराब पोचला तर काकूंचं दुकान बंद. त्यावरून घरात कडाक्याचं भांडण झालं होतं, काकू नको ते बोलून गेल्या होत्या, आणि मुलानं ऑफिसजवळ एक भाड्याची खोली बघितली होती. रविवारी दोघं जाणार होती.

“रविवारपर्यंत कोणी जायचं नाही,” आत्या म्हणाल्या आणि टेबलाभोवती फिरायला लागल्या. “काय गेलं ते सांगून झालं. आता काय वाचलं ते सांगा.”

“म्हणजे?”

“सगळं गोदाम जळतं तेव्हा एखादा कोपरा उरतो. आग कुठून लागली ते तो कोपरा सांगतो. कुठली झाडं नीट पोचली?”

काकू परत आलेल्या पार्सलाकडेच बघत होत्या. सूनबाईच म्हणाली, “तातडीची पोचली. सकाळी मागणी आली आणि सकाळीच भरून दिली, अशांची एकही तक्रार नाही.”

“भरली कोणी?”

“मीच.”

“नेली कोणी?”

“नेहमीच्याच पार्सलवाल्यानं.”

“बाकीची कधी भरतेस?”

“दुपारी. मग ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घरातच राहतात. सुटी आली तर आणखी एक दिवस.”

आत्या जागच्या जागी थांबल्या. त्या थांबल्या की ओळखीची माणसं घाबरत.

“हात तेच, गाडी तीच, वाट तीच,” त्या सावकाश म्हणाल्या. “फरक फक्त एका रात्रीचा. अगं बायांनो, तुमची झाडं वाटेत मरतच नाहीत. ती या घरात मरतात.”

३

घर लहानच होतं. वर गच्ची, खाली तीन खोल्या आणि एक गॅलरी. भरलेली खोकी पूर्वी गॅलरीत ठेवत. मग कोणाचं तरी मांजर त्यावर नखं परजायला लागलं, म्हणून लग्नाच्या सुमारास ती आतल्या थंड खोलीत, आत्यांच्या भावाच्या पलंगाखाली जायला लागली. म्हणजे सून घरात आली, तिनं काम हातात घेतलं आणि खोक्यांची जागा बदलली, हे सगळं एकाच वेळचं. आत्यांनी ते मनात एका बाजूला ठेवून दिलं.

भाऊ पलंगावर उशीला टेकून कागदाच्या पट्ट्या कातरत होता. सत्तरी आली तरी आत्यांसाठी तो बाळ्याच.

“आलीस? झाडांचं मर्तिक आहे म्हणून आलीस, मी आजारी असतो तर आली नसतीस,” तो म्हणाला.

“तू कधी आजारी पडलास? रोगसुद्धा तुझ्या बडबडीला कंटाळून परत जातो.”

तो हसला. कात्री छान चालत होती. पुस्तकं बांधणाऱ्याचा हात तो, पट्टी कशी एकसारखी पडायची. मात्र कात्री उचलली की त्याचं मनगटी घड्याळ घरंगळत कोपरापर्यंत जात होतं.

“खिडकी लावून काय बसलास? किती कोंदट आहे!” आत्या म्हणाल्या. हातानं त्यांनी नाकासमोरची दोन चिलटं हाकलली.

“थंडी वाजते गं. आणि तू जरा बस की! खुर्चीला काटे आहेत का?”

आत्या बसल्या नाहीत. उशाशी एक बशी होती, रिकामी, शेजारी सुरी. काकू मागून येत म्हणाल्या, “नवी कवळी टोचते, जेवण धड होत नाही. नुसतं सूप आणि दूध. पण फळं मात्र सगळी संपवतात हो! पाहुणे आणतात, मीही आणते. सफरचंद, केळी, पेअर. काही म्हणून उरत नाही.”

“हळूहळू खातो,” बाळ्या म्हणाला. “एकट्यानं खायला बरं वाटतं.”

आत्यांनी सुरी उचलून पुन्हा ठेवली. सुरी कोरडी होती. धुवून ठेवली असेल, त्यांना वाटलं.

संध्याकाळी त्या समोरच्या इमारतीत गेल्या. तिथली बाई काकूंकडेच झाडं लावायला शिकली होती आणि आता तिनं स्वतःचं दुकान काढलं होतं. काकू तिला नावानं हाक मारत नसत, ‘समोरची’ म्हणत, आणि म्हणताना गॅलरीचं दार लावून घेत. काकूंचे नाराज लोक सगळे तिच्याकडे वळले होते.

“मला ठाऊकच होतं, तुम्ही येणार,” समोरची म्हणाली. तिची गॅलरी कुंड्यांनी गच्च भरली होती. “मीच काहीतरी केलं म्हणता ना? अहो, त्यांच्या मुलाच्या लग्नापासून मी त्या घरात पाऊल टाकलेलं नाही. आणि त्यांचं गिऱ्हाईक मला कशाला हवं? येऊन आधी अर्धा तास त्यांचीच गाऱ्हाणी सांगतं.”

“तुमच्या गॅलरीतून त्यांचं दार दिसतं.”

“दिसतं ना. मला हौस नाही बघायची, पण दिसतं.” ती जवळ सरकली. “एक सांगू? माझं नाव घेऊ नका. सकाळी सूनबाई पार्सलवाल्याला खोकी देते, तो खाली आणून गाडीच्या मागे रचतो. बरोबर? मग ती गच्चीवर जाते. काकू तर आधीपासून गच्चीवरच असतात. आणि मग हा पार्सलवाला परत वर जातो.”

“कशाला?”

“आणखी एक खोकं आणायला. त्याच्यावर पत्ता नसतो, कागद नसतो. आणि ते मागे नाही ठेवत तो.” समोरचीनं आवाज आणखी खाली आणला. “ते पुढे ठेवतो. आपल्या सीटशेजारी.”

४

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाईनं खोकी भरली तेव्हा आत्या शेजारी उभ्या राहिल्या. मुळाला ओला कपडा, वर पिशवी, भोवती पट्ट्या. एकाही पानाला धक्का नाही. मग आत्यांनी एकाच कुंडीतल्या दोन सारख्या फांद्या घेतल्या, सूनबाईकडून दोन सारख्या खोक्यांत भरून घेतल्या आणि एक जेवणाच्या टेबलावर ठेवलं. दुसरं त्यांनी स्वतः बाळ्याच्या पलंगाखाली, बाकीच्यांच्या मध्ये सरकवलं.

“ही दोन जायची नाहीत. परवा सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या. “आणि आठवड्याचा माल तोवर थांबवा. उशीर झाला म्हणून शिव्या खाऊ, पण मेलेली झाडं पाठवायची नाहीत.”

आता वाट बघायची. आत्यांना जगात न जमणारी तेवढी एकच गोष्ट. त्या गच्चीवर गेल्या, खाली आल्या, परत गच्चीवर गेल्या. काकूंनी हातात झारी दिली तर एकाच कुंडीत दोनदा पाणी घातलं. काकू ओरडल्या, “वन्सं, मारायलाच बसलं असेल कोणी तर त्याला मदत नका करू!” मग आत्या खाली येऊन सूनबाईबरोबर केर काढायला लागल्या.

“त्या खोलीचं राहू द्या,” सूनबाई म्हणाली. “बाबांच्या डब्यात काही नसतंच. नुसती कागदाची कातरणं. मी ती परत वापरते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्सलवाला आला, तेव्हा आत्यांनी त्याला खाली गाडीपाशीच गाठलं. दणकट, घामाघूम माणूस.

“आज माल नाही, आजी,” तो म्हणाला. “ताई म्हणाल्या.”

“आजी कोणाला म्हणतोस? तुझ्या गाडीत काय आहे ते दाखव.”

“पार्सलं आहेत. आणखी काय असणार?”

“मागची नाहीत रे. पुढची.”

त्याच्या चेहऱ्यावरचा घाम एकाएकी वेगळाच दिसायला लागला. त्यानं एकदा वर, बंद खिडकीकडे पाहिलं.

“चोरी नाही ती,” तो म्हणाला. “मी घेतो ते मला दिलेलं असतं. माझ्या मुलांच्या शपथेवर सांगतो. यापुढे विचारू नका. मी शब्द दिलाय.”

“कोणाला?”

“तेच तर विचारू नका म्हणतोय ना!” असं म्हणून तो गाडीत बसला. पण दार उघडलं तेवढ्यात आत्यांना सीटजवळची हवा लागली. गोड, जड, थोडी आंबूस. आणि आतून एक चिलट उडून त्यांच्या चष्म्यावर बसलं.

परवाची सकाळ उजाडली. सूनबाई, काकू, आत्या टेबलाभोवती उभ्या राहिल्या. आधी टेबलावरचं खोकं उघडलं. फांदी जशी भरली तशीच, ताजी, वर एक कोवळा कोंबही मान काढून.

मग आत्यांनी पलंगाखालचं खोकं आणून उघडलं. तिथंही फांदी हिरवी दिसत होती. काकूंनी सुटकेचा श्वास टाकला आणि तिला बाहेर काढण्यासाठी अलगद बोट लावलं.

सगळी पानं एकदम गळून खाली पडली.

५

काकूंनी एक पान उचलून बोटांत फिरवलं. “यांच्या खोलीत? तिथे कोण जातं? मी आणि...” त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मधूनच नजर काढून घेतली. हे खोकं सुनेनं ठेवलं नव्हतं. आत्यांनी ठेवलं होतं.

“कोणी काही बोलू नका,” आत्या म्हणाल्या. “आणि दोघी इथेच थांबा.”

त्या गॅलरीत जाऊन येरझाऱ्या घालायला लागल्या. आता त्यांना चोर शोधायचा नव्हता. चोर दिसायला लागला होता, आणि तो दिसू नये असं त्यांना वाटत होतं.

सफरचंद संपतात, केळी संपतात. मग केळ्याची साल कुठे आहे? सफरचंदाचा मधला भाग कुठे आहे? डब्यात नुसती कातरणं. सुरी कोरडी. एवढी फळं पोटात जाणाऱ्या माणसाचं घड्याळ कोपरापर्यंत का घरंगळतं? फळ या खोलीत येतं आणि खाल्लं जात नाही. बाहेर जातं ते बिनपत्त्याच्या खोक्यातून, पार्सलवाल्याच्या सीटशेजारी बसून. आणि जाईपर्यंत ते पलंगाखाली, बंद खिडकीच्या खोलीत, झाडांच्या खोक्यांना खेटून पिकत राहतं. पिकणाऱ्या फळाची हवा फुलांना म्हातारं करते. हे भावजयीनंच साऱ्या जगाला सांगून ठेवलं होतं. फुलांना करते ती पानांना का नाही करणार? पण ज्या घरात फळांची बशी नेहमी रिकामीच दिसते, तिथे हे कोणाला आठवावं?

आत्या भावाच्या खोलीत गेल्या. दार लोटलं. खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बसल्या.

बाळ्यानं कात्री खाली ठेवली.

“ताई,” तो म्हणाला, “तू बसलीस?”

“बसले.”

त्यानं कातरलेल्या पट्ट्या एकावर एक रचल्या. मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, “पार्सलवाल्यानं सांगितलं?”

“नाही रे. इमानी आहे तो. तुझ्या घड्याळानं सांगितलं.” आत्यांनी वाकून पलंगाखाली हात घातला, मागच्या रांगेतलं एक हलकंच बांधलेलं खोकं ओढून काढलं आणि उघडलं. कागदाच्या सुंदर पट्ट्या. पट्ट्यांखाली केळी काळपट झालेली, सफरचंदांना सुरकुत्या. बाळ्यानं प्रत्येक फळ वेगळं गुंडाळलं होतं. कोणाच्या तरी मुलांना जायचं म्हणून.

“कधीपासून गिळता येत नाही?”

“लग्नाच्या आधीपासून. आधी घास अडकायचा. मग मऊ पण अडकायला लागलं. आता सूप हळूहळू उतरतं.” तो हसायचा प्रयत्न करत होता. “कवळी बिचारी उगाच बदनाम झाली.”

“आणि डॉक्टर?”

“त्याच्याकडे गेलो असतो तर नाव कळलं असतं. नाव कळलं की ती गच्ची सोडून माझ्या उशाशी येऊन बसली असती. मी ओळखतो तिला. छापखाना बंद झाला तेव्हा माझ्याकडे बघत बसायची, मी तिच्याकडे. तुला नाही माहीत ताई, काय दिवस होते ते. आता कुठे तिला लोक ओळखतात. नळाला पाणी येतं तशा मागण्या येतात. म्हटलं, जरा मार्गाला लागू दे तिचं.”

“आणि बाळ्या, तिची झाडं कशानं मरतात ते तुला माहीत आहे?”

“तेच तर तू शोधायला आलीस ना?”

आत्यांनी त्या खोक्याकडे नुसतं बोट दाखवलं. मग भावजयीच्याच शब्दांत, पिकणाऱ्या फळाची गोष्ट सांगितली. सांगताना त्यांना नोकरीतली सगळी जळालेली गोदामं आठवली, आणि त्यातल्या एकाच्याही मालकाला सांगताना जीभ अशी जड झाली नव्हती.

बाळ्या पट्ट्यांच्या ढिगाकडे बघत राहिला. झाडांना धक्का लागू नये म्हणून त्यानं कातरलेल्या पट्ट्या.

“मी?” तो म्हणाला.

“तू.”

“ताई, नको सांगूस. खोकी परत गॅलरीत ठेव म्हणावं, झालं. तिथे मांजर येतं तर मांजराला मी बघतो.”

“झाडं वाचतील रे. पण ती पोरगी रविवारी जाते आहे. आयुष्यभर तिच्या कपाळावर राहील, हिनं सासूची झाडं मारली म्हणून. तेवढं मी पोटात घालू?”

बाळ्यानं डोळे मिटले. आत्या खुर्चीतून उठल्या नाहीत.

“हाक मार,” तो शेवटी म्हणाला. “आधी सूनबाईला. तिला आधी सांगतो. मग हिला.”

६

सूनबाईला त्यानं काय सांगितलं ते दाराबाहेर उभ्या असलेल्या आत्यांना पूर्ण ऐकू आलं नाही. सूनबाई बाहेर आली ती थेट दाराशी गेली, बॅग उचलली आणि आपल्या खोलीत नेऊन पलंगावर आपटली. मग तोंड पुसत म्हणाली, “आई, तुम्हाला बोलावतायत.”

काकूंचा आवाज मात्र समोरचीला पण ऐकू गेला असणार.

“मी जगाला अक्कल शिकवते आणि माझ्याच पलंगाखाली... रिकामी बशी बघून मी खूश! रोज खूश! अहो, सांगायचं नाही का? झाडाचं एक पान पिवळं पडलं तर मला कळतं, आणि तुमचं... तुमचं मला कळू नये?”

“तू वरती होतीस,” बाळ्या म्हणाला. “म्हणून तर मी सुखात होतो.”

काकू बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. हातात ते जास्तीचं खोकं होतं. सूनबाईसमोर येऊन त्यांनी ते या हातातून त्या हातात घेतलं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती आणि ती अशी एका दिवसात येणारही नव्हती.

“ती बॅग रिकामी कर,” त्या म्हणाल्या. “आणि त्यात खोकी चिकटवायच्या पट्टीचं यंत्र घातलं असशील तर ते आधी काढ. मघापासून शोधतेय.”

“घातलंयच,” सूनबाई म्हणाली. “माझं आहे ते. मी आणलं होतं.”

“मग तुझं तू काढ. उद्यापासून भरताना गाणी लाव. मोठ्यानं लाव. मलाही ऐकू देत.”

मुलानं संध्याकाळी घरमालकाला फोन करून खोली नको म्हणून सांगितलं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं. अन्ननळीत गाठ होती, फार वाढलेली. काढता येण्यासारखी वेळ राहिली नव्हती, असं ते म्हणाले. आधी आला असतात तर, असं त्यांनी पुढे म्हटलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

काकू गच्ची सोडून उशाशी बसल्या नाहीत. त्यांनी उशीच गच्चीवर नेली. हिरव्या जाळीच्या सावलीत पलंग मांडला, चोहोबाजूंनी वारा. भरलेली खोकी तिथेच, उघड्या हवेत. मांजर यायचं ते बाळ्याच्या पायाशी झोपायचं आणि खोक्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही. त्या आठवड्याचा माल नव्यानं भरून उशिरा गेला, पण सगळा हिरवागार पोचला, ताकीद मागे घेतली गेली. एका व्हिडिओत मागे पट्ट्या कातरणारा म्हातारा दिसला, तर लोक झाड राहिलं बाजूला आणि ते काका कोण म्हणून विचारायला लागले. काकूंनी पुढच्या व्हिडिओत फुलदाणी आणि फळांची तीच जुनी गोष्ट पुन्हा सांगितली. फक्त शेवटी एक वाक्य वाढवलं होतं, की फळ दिसत नाही म्हणजे ते घरात नाही असं समजू नका.

पार्सलवाल्याला फळं आता सरळ हातात मिळायची. समोरची अधूनमधून सूप घेऊन यायची. काकू तिला आत घ्यायच्या, पण नाव अजून समोरचीच होतं.

आत्या दर आठवड्याला बसनं यायच्या. आल्या की भावाशेजारच्या खुर्चीवर बसायच्या आणि जाईपर्यंत उठायच्या नाहीत.

सूनबाईच्या लग्नाला वर्ष पूर्ण व्हायच्या महिनाभर आधी, एका मंगळवारी सकाळी, पार्सलवाला जिना चढत असताना बाळ्या वारला.